राष्ट्रीय रंगभूमी आणि अभिजात नाटक : बर्नार्ड शॉ यांची भूमिका

सार्वजनिक निधीतून ग्रंथालय चालवावे, वस्तुसंग्रहालय उभारावे, प्राचीन लेण्यांचे जतन करावे, याविषयी आज सहसा कोणी वाद घालीत नाही. नाट्यगृहाचा आणि नाट्यसंस्थेचा विषय निघाला म्हणजे मात्र लगेच प्रश्न केला जातो की, नाटक हा करमणुकीचा व्यवसाय आहे. ज्याला ते पाहावयाचे असेल त्याने तिकीट काढावे. लोकांच्या कराचा पैसा त्यात का घालावा? हा प्रश्न गैर नाही. ज्यांच्या हाती सार्वजनिक निधीचा विनियोग असतो, त्यांनी तो विचारलाच पाहिजे. या प्रश्नाचे सविस्तर आणि रोखठोक उत्तर ज्यांनी सुमारे अर्धशतक सातत्याने दिले, त्यांत सुप्रसिद्ध नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे नाव अग्रभागी आहे. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय नाट्यगृह स्थापन व्हावे यासाठी झालेल्या चळवळीत त्यांनी लेखक, वक्ते आणि समितीचे सदस्य अशा तिन्ही नात्यांनी भाग घेतला. त्या चळवळीचा इतिहास आणि तिच्यामागील शॉ यांचा विचार यांचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

नगरसेवक नाटककार

शॉ यांचा जन्म २६ जुलै १८५६ रोजी डब्लिन येथे झाला. विशीत ते लंडनला आले आणि १८८४ साली फेबियन सोसायटीचे सभासद झाले. त्यांची नाटके जगभर गाजली. १९२५ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. तथापि, त्यांच्या जीवनातील एका भागाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे तितकेसे लक्ष जात नाही. १८९७ ते १९०३ अशी सहा वर्षे ते लंडनमधील सेंट पँक्रस या विभागाच्या स्थानिक कारभारात सदस्य म्हणून काम करीत होते. प्रथम ‘व्हेस्ट्री’ नावाच्या जुन्या स्थानिक मंडळात आणि १९०० साली नवी रचना अमलात आल्यावर बरो कौन्सिलमध्ये त्यांनी हे काम केले. आरोग्य, गटारे, दिवाबत्ती, घरांची तपासणी, कर आकारणी असे विषय त्यांच्यापुढे येत. स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे, या साध्या मागणीसाठीही त्यांना सहकाऱ्यांशी दीर्घकाळ झगडावे लागले.

या अनुभवातून त्यांनी १९०४ साली नगरपालिकांच्या उद्योगांविषयी एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य मुद्दा आजही मननीय आहे. खाजगी व्यापाऱ्याच्या जमाखर्चात फक्त त्याचा खर्च आणि त्याचा फायदा दिसतो. त्याच्या धंद्यामुळे समाजावर जो भार पडतो, तो भार रोगराई, दारिद्र्य, गुन्हे या रूपांनी करदात्यांच्या खात्यावर चढतो. याउलट सार्वजनिक उपक्रमाचा बराचसा लाभ त्या उपक्रमाच्या वहीत दिसतच नाही. तो लोकांच्या आरोग्यात आणि कार्यक्षमतेत जमा होतो. म्हणून केवळ ताळेबंदातील तोटा पाहून सार्वजनिक काम अपयशी ठरविणे हे हिशेबाच्या दृष्टीनेसुद्धा चुकीचे आहे, असे शॉ यांचे म्हणणे होते.

राष्ट्रीय रंगभूमीविषयीचा त्यांचा विचार याच मुशीतून निघाला आहे. गटार आणि नाट्यगृह यांना एका पंक्तीला बसविणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु शॉ यांच्या दृष्टीने एकाचा संबंध नगराच्या शारीरिक आरोग्याशी होता, तर दुसऱ्याचा मानसिक आरोग्याशी. दोन्हींची उपेक्षा झाली म्हणजे तिची किंमत अखेर सर्व समाजाला मोजावी लागते.

दीर्घ सलग प्रयोगांचे अर्थशास्त्र

त्या काळी लंडनची व्यावसायिक रंगभूमी भरभराटीत होती. मग राष्ट्रीय नाट्यगृहाची गरज का भासावी? याचे उत्तर त्या रंगभूमीच्या व्यवहारात सापडते. नाट्यगृहाचे भाडे, भारी नेपथ्य आणि प्रसिद्ध नटांचे मानधन यांमुळे नाटक उभे करण्याचा खर्च मोठा असे. तो भरून निघण्यासाठी एकच नाटक रोज, महिनोन् महिने चालवावे लागे. १८९२ साली लंडनमध्ये आलेल्या ‘चार्लीज आंट’ या प्रहसनाचे ओळीने १,४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्रे यांच्या ‘मोरूची मावशी’ या नाटकामुळे हे प्रहसन मराठी रसिकांच्याही परिचयाचे आहे.

अशा यशात वाईट काहीच नाही. पण सर्वच नाट्यगृहे याच हिशेबाने चालू लागली म्हणजे त्याचे परिणाम दूरवर पोहोचतात. जे नाटक पन्नास रात्री नाट्यगृह भरू शकेल, पण पाचशे रात्री भरू शकणार नाही, त्याला रंगमंचच मिळत नाही. नटाला वर्षानुवर्षे एकच भूमिका करावी लागते आणि त्याची तयारी खुंटते. नाट्यगृहाचा चालक नव्या लेखकावर पैसा लावण्यास कचरतो. विशेष म्हणजे जुनी श्रेष्ठ नाटके एखाद्या मोठ्या नटाच्या लहरीवर अवलंबून राहतात. तो नट गेला की ती नाटकेही पडद्याआड जातात. सर हेन्री अर्व्हिंग यांनी लायसियम नाट्यगृह कोणत्याही सरकारी साहाय्याशिवाय अनेक वर्षे नावारूपास आणले होते. परंतु अखेरीस आर्थिक अडचणींमुळे ते त्यांच्या हातून गेले. एका व्यक्तीच्या सामर्थ्यावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीबरोबरच ओसरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

यावर उपाय म्हणून ‘रेपर्टरी’ पद्धती पुढे आली. या पद्धतीत नटांचा एक कायम संच असतो. एकाच आठवड्यात तीन-चार वेगवेगळी नाटके आलटूनपालटून होतात. आज नायकाची भूमिका करणारा नट उद्या दोन वाक्यांच्या भूमिकेत दिसतो. एखादे नाटक थोड्या प्रेक्षकांना आवडणारे असले, तरी त्याचे प्रयोग अधूनमधून होत राहतात आणि ते जिवंत राहते. या पद्धतीला पदरचे भांडवल लागते, कारण नेपथ्य साठवावे लागते, रोज बदलावे लागते आणि नटांना वर्षभर वेतन द्यावे लागते. फ्रान्समध्ये १६८० साली स्थापन झालेली ‘कॉमेदी फ्रान्सेझ’ ही संस्था राजाश्रयावर आणि पुढे राज्याच्या अनुदानावर याच पद्धतीने चालत आली होती. १८७९ साली या संस्थेचे नट लंडनला आले तेव्हा त्यांचे प्रयोग पाहून कवी व समीक्षक मॅथ्यू अरनॉल्ड यांनी इंग्लंडनेही आपल्या रंगभूमीची संघटना करावी, असे आग्रहाने लिहिले. त्याआधी १८४८ साली एफिंगहॅम विल्सन या प्रकाशकाने शेक्सपिअरच्या नावाने असे नाट्यगृह राष्ट्राने चालवावे, अशी सूचना केलीच होती.

आराखडा आणि प्रयोगशाळा

या सूचनांना व्यवहारी रूप दिले ते शॉ यांच्या दोन निकटच्या मित्रांनी. समीक्षक विल्यम आर्चर आणि नट-दिग्दर्शक-नाटककार हार्ली ग्रॅनव्हिल बार्कर यांनी राष्ट्रीय नाट्यगृहाचा आराखडा व खर्चाचा अंदाज तयार करून १९०४ साली तो खाजगीरीत्या छापला. १९०७ साली तो सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. नटांची संख्या, वेतन, निवृत्तिवेतन, तिकिटांचे दर, पहिल्या हंगामातील नाटकांची यादी अशा सर्व तपशिलांचा त्यात विचार केलेला होता. कलेच्या क्षेत्रातील मागणी आकड्यांसह मांडली म्हणजे तिला किती वजन येते, हे या आराखड्याने दाखविले.

यात एक गोष्ट लक्षणीय आहे. पहिल्या यादीतून इब्सेन आणि खुद्द शॉ यांची नाटके मुद्दामच वगळण्यात आली होती. संस्था विशिष्ट मताची आहे, असा ग्रह होऊन दाते बिचकू नयेत, हा त्यामागील हेतू होता. पण तीन वर्षांनी पुस्तक प्रसिद्ध करताना बार्कर यांनीच ही मर्यादा आता अनावश्यक असल्याचे नमूद केले. दरम्यानच्या काळात परिस्थिती पालटली होती. १९०४ ते १९०७ या अवधीत बार्कर आणि व्यवस्थापक व्हेड्रेन यांनी लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये ३२ नाटकांचे मिळून ९८८ प्रयोग केले. त्यांपैकी ७०१ प्रयोग शॉ यांच्या ११ नाटकांचे होते. त्याच रंगमंचावर प्रा. गिल्बर्ट मरे यांनी इंग्रजीत आणलेली युरिपिडीस या ग्रीक नाटककाराची नाटकेही सादर झाली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक नाटककार आणि हयात असलेला वादग्रस्त लेखक एकाच छपराखाली, एकाच नटसंचाकडून सादर होऊ शकतात व त्यांना प्रेक्षकही मिळतो, हे या उपक्रमाने सिद्ध केले. जुने आणि नवे यांचा असा शेजार हाच शॉ यांच्या कल्पनेतील राष्ट्रीय रंगभूमीचा गाभा होता.

अभिजात नाटक : पूजा की प्रयोग?

अभिजात नाटकाविषयी शॉ यांची मते वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. १८९५ ते १८९८ या काळात ‘सॅटरडे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात नाट्यसमीक्षा लिहिताना त्यांनी शेक्सपिअरच्या विचारशक्तीवर अत्यंत कठोर टीका केली. शेक्सपिअरच्या अंधभक्तीला त्यांनी १९०१ साली एका प्रस्तावनेत ‘बार्डोलेट्री’ असे नावच दिले. त्याचा अर्थ ‘कविमूर्तिपूजा’ असा करता येईल. असे असूनही याच कवीच्या स्मरणार्थ उभारावयाच्या नाट्यगृहासाठी ते पदरमोड करून झटत होते. हा विरोध कसा उलगडावा?

शॉ यांचा राग शेक्सपिअरपेक्षा त्याच्या पुजाऱ्यांवर अधिक होता. नावाची पूजा करावयाची आणि संहितेची मात्र काटछाट करावयाची, ही रीत त्यांना दांभिक वाटे. त्या काळचे नटश्रेष्ठ आपली भूमिका उठून दिसावी म्हणून इतरांचे प्रवेश गाळीत, आणि भव्य नेपथ्य बदलण्यास वेळ मिळावा म्हणून अंकच्या अंक कापीत. शॉ यांनी याविरुद्ध सतत लिहिले. विल्यम पोएल यांनी साध्या मोकळ्या रंगमंचावर शेक्सपिअरची नाटके त्याच्या काळच्या रीतीने करून दाखविली, तेव्हा शॉ यांनी त्यांची बाजू घेतली. १८९७ साली फोर्ब्स-रॉबर्टसन यांनी ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आणले, त्या वेळी सामान्यतः गाळले जाणारे फोर्टिनब्रासचे पात्र शॉ यांच्या सल्ल्याने परत आले. त्यामुळे नाटकाचा शेवट नायकाच्या मृत्यूवर न थांबता राज्याच्या पुढील व्यवस्थेपर्यंत पोहोचला.

या लेखनातून अभिजात नाटकाविषयी तीन सूत्रे निघतात. पहिले सूत्र असे की, अभिजात नाटक समग्र सादर झाले पाहिजे. ते कापून सोपे केले की त्याचा अर्थच बदलतो. दुसरे सूत्र भाषेचे आहे. शेक्सपिअरचे खरे सामर्थ्य त्याच्या शब्दसंगीतात आहे, असे शॉ मानीत. म्हणून ते नाटक म्हणता येणारे, कान तयार असलेले नट हवेत, आणि असे नट एका नाटकावर वर्षभर राबवून घडत नाहीत. तिसरे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. अभिजात कृतीशी वाद घालता आला पाहिजे. जी कृती प्रश्न विचारले असता कोसळते, ती मुळात अभिजात नव्हेच. आणि जिला कोणी प्रश्नच विचारीत नाही, ती वस्तुसंग्रहालयातील मूर्ती होऊन बसते. शॉ यांनी स्वतः ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ लिहून शेक्सपिअरच्या सीझरला दुसरा सीझर उभा केला, आणि १९३७ साली ‘सिंबेलीन’ या नाटकाचा शेवटचा अंक आपल्या परीने नव्याने लिहिला. हा खोडसाळपणा होता खरा. पण ज्याच्याशी आपण अशी झुंज घेतो, त्याला आपण जिवंत समजतो, हेही त्यातून दिसते.

पुतळा की नाट्यगृह?

१९१६ साली शेक्सपिअरच्या मृत्यूला ३०० वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त लंडनमध्ये त्याचे भव्य स्मारक उभारावे, अशी योजना एका गटाने आखली होती, तर दुसरा गट राष्ट्रीय नाट्यगृहासाठी प्रयत्नशील होता. १९०८ साली दोन्ही गट एकत्र येऊन ‘शेक्सपिअर स्मारक राष्ट्रीय नाट्यगृह’ समिती स्थापन झाली. शॉ या समितीच्या कामात सहभागी होते. नाटककाराचे स्मारक दगडात नव्हे, तर त्याच्या नाटकांच्या प्रयोगांत असते, ही भूमिका अशा रीतीने मान्य झाली. १९०९ साली कार्ल मेयर या दात्याकडून ७०,००० पौंडांची मोठी देणगी मिळाली.

निधी जमविण्याच्या कामी शॉ यांनी आपली लेखणी वापरली. ‘द डार्क लेडी ऑफ द सॉनेट्स’ ही त्यांची एकांकिका २४ नोव्हेंबर १९१० रोजी लंडनमधील हेमार्केट नाट्यगृहात सादर झाली. तीत ग्रॅनव्हिल बार्कर यांनी शेक्सपिअरची भूमिका केली. राजवाड्याच्या गच्चीवर रात्रीच्या वेळी शेक्सपिअरची राणी एलिझाबेथशी गाठ पडते आणि तो तिच्यापुढे मागणे मांडतो की, राज्याच्या खर्चाने एक नाट्यगृह स्थापन करावे. लोकांना आवडणारी त्याची नाटके चालतात. पण ज्यांत त्याने काही गंभीर सांगितले आहे, ती नाटके व्यापारी नाट्यगृह करीत नाही, अशी त्याची तक्रार असते. राणी मुत्सद्दी आहे. ती त्याचे म्हणणे खोडून काढीत नाही, पण कोषाध्यक्षाची अडचण सांगते, आणि जगातील इतर सर्व देशांनी हे केल्याखेरीज इंग्लंड ते करणार नाही, असे भाकीत वर्तविते. विनोदाच्या आवरणाखाली येथे शॉ यांनी आपला सगळा युक्तिवाद मांडला आहे. प्रशासनाला मागणी पटलेली असते, विरोध कोणाचाच नसतो, आणि तरीही काम होत नाही. हा अनुभव सार्वजनिक कार्यकर्त्यांना नवा नाही.

साहाय्य हवे, नियंत्रण नको

सरकारचा पैसा घेतला की सरकारची मर्जीही सांभाळावी लागेल, ही शंका तेव्हाही घेतली जात होती. शॉ यांना या शंकेचे गांभीर्य इतरांहून अधिक कळत होते, कारण नाट्यपरीक्षणाचा जाच त्यांनी स्वतः सोसला होता. इंग्लंडमध्ये प्रत्येक नव्या नाटकाला लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. शॉ यांच्या ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ या १८९३ साली लिहिलेल्या नाटकाला जाहीर प्रयोगाची परवानगी मिळण्यास १९२५ साल उजाडावे लागले. १९०९ साली त्यांच्या ‘ब्लँको पॉस्नेट’विषयीच्या एकांकिकेवर बंदी आली, तेव्हा डब्लिनच्या ॲबी थिएटरने ती धैर्याने सादर केली, कारण लॉर्ड चेंबरलेन यांचा अधिकार आयर्लंडमध्ये चालत नव्हता.

त्याच वर्षी या प्रश्नावर संसदेची संयुक्त समिती बसली. शॉ यांचा पर्याय असा होता की, संहितेची पूर्वतपासणी बंद करावी आणि नाट्यगृहांना स्थानिक संस्थेने वार्षिक परवाना द्यावा. इमारत सुरक्षित आहे काय, व्यवस्था नीट आहे काय, हे पाहणे लोकनियुक्त संस्थेचे काम आहे. नाटकात कोणता विचार मांडावा, हे ठरविणे तिचे काम नाही. नाटकाने कायद्याचा भंग केला असेल, तर इतर नागरिकांप्रमाणे नाटककारावरही न्यायालयात खटला भरावा. ही पूर्वपरवानगीची पद्धत इंग्लंडमध्ये अखेर १९६८ साली रद्द झाली. अर्थसाहाय्य आणि विचारनियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही शॉ यांची मांडणी कलासंस्थांना अनुदान देणाऱ्या कोणत्याही शासनाने ध्यानात ठेवावी अशी आहे. आयर्लंडच्या नव्या सरकारने १९२५ साली ॲबी थिएटरला वार्षिक अनुदान सुरू केले, तेव्हा इंग्रजी भाषिक जगात राज्याने नाट्यसंस्थेला दिलेले ते पहिले नियमित साहाय्य ठरले. इंग्लंडच्या आधी त्याच्या लहान शेजाऱ्याने हे पाऊल उचलले.

संकल्पापासून सिद्धीपर्यंत

लंडनमधील काम मात्र रेंगाळत गेले. १९१३ साली पार्लमेंटमध्ये यासंबंधीचा ठराव आला; बहुसंख्य मते अनुकूल पडूनही आवश्यक ती संख्या पुरी न झाल्याने त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ब्लूम्सबरी भागात एक जागा घेण्यात आली, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१६ साली त्या जागेवर सैनिकांच्या विश्रांतीसाठी ‘शेक्सपिअर हट’ नावाची तात्पुरती इमारत उभी राहिली. पुढे तेथे उष्णकटिबंधीय रोगांच्या अभ्यासाचे प्रसिद्ध विद्यालय आले.

त्यानंतर दक्षिण केन्सिंग्टन भागात दुसरी जागा मिळाली. २२ एप्रिल १९३८ रोजी तिच्या हस्तांतराचा विधी झाला आणि जुन्या प्रथेप्रमाणे मातीचे ढेकूळ व डहाळी शॉ यांनी स्वीकारली. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. या प्रसंगी त्यांनी केलेले भाषण त्यांच्या स्वभावाला साजेसे होते. इंग्रज लोकांना राष्ट्रीय नाट्यगृह हवे आहे काय, असे आपणास विचारले जाते. त्यांना ते मुळीच नको आहे, असे त्यांनी सांगितले. ब्रिटिश म्युझियम किंवा नॅशनल गॅलरी यांची तरी मागणी लोकांनी कोठे केली होती? पण त्या संस्था एकदा उभ्या राहिल्यावर लोक त्यांना आपल्या मानू लागले, असा त्यांचा आशय होता. या जागेवरील इमारतीचा आराखडा नवी दिल्लीच्या रचनेमुळे आपणास परिचित असलेले वास्तुविशारद सर एडविन लट्येन्स यांच्याकडे सोपविला होता. पण दुसरे महायुद्ध आले आणि हीही योजना कागदावर राहिली.

अखेर १९४९ साली पार्लमेंटने राष्ट्रीय नाट्यगृहाचा कायदा मंजूर केला व त्यासाठी दहा लाख पौंडांपर्यंत खर्चाची तरतूद झाली. शॉ यांना हे पाहता आले. २ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले. १९५१ साली थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर कोनशिला बसली, पण नंतर ती जागाही बदलली. प्रत्यक्षात इमारतीपूर्वी नटसंच उभा राहिला. सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली २२ ऑक्टोबर १९६३ रोजी ओल्ड व्हिक या जुन्या नाट्यगृहात ‘हॅम्लेट’च्या प्रयोगाने राष्ट्रीय नाट्यसंस्थेचा आरंभ झाला. पहिल्याच हंगामात शॉ यांचे ‘सेंट जोन’ही होते. डेनिस लॅस्डन यांनी रचिलेली, तीन प्रेक्षागृहे असलेली स्वतःची इमारत २५ ऑक्टोबर १९७६ रोजी औपचारिकपणे खुली झाली. १८४८ च्या सूचनेपासून मोजल्यास या कार्याला १२८ वर्षे लागली.

शॉ यांनी मृत्युपत्रातही रंगभूमीचे स्मरण ठेवले. त्यांच्या ग्रंथांच्या उत्पन्नाचा अवशिष्ट भाग ब्रिटिश म्युझियम, आयर्लंडची राष्ट्रीय चित्रशाळा आणि लंडनची राजकीय नाट्यशिक्षण अकादमी अशा तीन संस्थांना मिळाला. ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका निघाली व तिला अफाट यश लाभले, त्यामुळे या संस्थांना मोठा आर्थिक आधार मिळाला. एका लोकप्रिय नाटकाचे उत्पन्न सार्वजनिक शिक्षणाकडे वळले. व्यवसाय आणि सार्वजनिक हित यांचा मेळ घालण्याचा हा मार्गही विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्या संदर्भात

मराठी रंगभूमीच्या आरंभीच आश्रयाचा प्रश्न उपस्थित झाला होता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रेरणेने व आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, तेव्हा मंडळीला गावोगाव फिरून आणि तिकीट लावून जगावे लागले. त्यातूनच व्यावसायिक मराठी रंगभूमी घडली, हे खरे. पण आश्रय एका व्यक्तीच्या हयातीवर अवलंबून असला म्हणजे संस्थेवर कोणती वेळ येते, हेही त्यात दिसते. अभिजात नाटकाच्या बाबतीत मात्र आपली परंपरा समृद्ध आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतल’ मराठी संगीत नाटकाच्या रूपाने आणले. त्यांनी कालिदासाला मूर्ती करून ठेवले नाही. आपल्या काळातील गाण्याच्या चालींतून तो सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला. खुद्द शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ही पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ या नावाने इतके मराठमोळे केले की, ते परके आहे याची आठवण राहू नये.

स्वातंत्र्योत्तर काळात देशपातळीवर १९५३ साली संगीत नाटक अकादमी आणि १९५९ साली तिच्या अंतर्गत राष्ट्रीय नाट्य विद्यालय स्थापन झाले. मुंबई राज्याच्या काळात, १९५४ साली, सुरू झालेल्या राज्य नाट्य महोत्सवाने व स्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी संस्थांना रंगमंच मिळवून दिला. या संस्थांकडे पाहताना शॉ यांच्या विचारातील काही कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी अशी की, इमारत म्हणजे रंगभूमी नव्हे. लंडनमध्ये नटसंच १३ वर्षे जुन्या जागेत काम करीत होता, म्हणूनच नव्या इमारतीत प्रवेश करताना त्याच्यापाशी परंपरा होती. गावात सभागृह बांधून झाले की काम संपले, असे मानल्यास त्या सभागृहाला कुलूप लागण्यास वेळ लागत नाही. बांधकामाइतकीच तरतूद देखभालीची, दिव्यांची आणि वर्षभराच्या कार्यक्रमांची हवी. दुसरी कसोटी म्हणजे जुने आणि नवे यांचा शेजार. शाळेत ‘शाकुंतल’ वा ‘मृच्छकटिक’ यांतील वेचे केवळ परीक्षेसाठी वाचून घेण्याऐवजी त्यांतील एखादा प्रवेश विद्यार्थ्यांनी उभा करावा, त्यावर प्रश्न विचारावेत, आणि त्याच वर्षी आपल्या गावच्या प्रश्नावर स्वतः लिहिलेली नाटिकाही करावी. पहिल्याने दुसऱ्याला शिस्त लाभते, दुसऱ्याने पहिल्याला जीव येतो. तिसरी कसोटी हिशेबाची. सांस्कृतिक कार्यावरील खर्चाचे मोजमाप तिकीटविक्रीवर करू नये. पण मोजमापच करू नये, असेही नाही. किती प्रयोग झाले, किती नवे लेखक व नट पुढे आले, तिकिटाचा दर शेतमजुराला परवडतो काय, हे प्रश्न दरवर्षी विचारले गेले पाहिजेत.

शॉ यांच्या युक्तिवादाचे बळ नाटकाच्या स्तुतीत नाही. ज्या माणसाने सहा वर्षे गटारांचे आणि दिवाबत्तीचे कागद तपासले, त्याने त्याच तर्काने नाट्यगृहाची बाजू मांडली, यात ते आहे. मागणी आधी की सोय आधी, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर स्पष्ट होते. ग्रंथालय उघडल्यावर वाचक वाढतात आणि शाळा निघाल्यावर शिक्षणाची ओढ लागते. चांगल्या नाटकाचा प्रेक्षकही चांगली नाटके सातत्याने पाहावयास मिळाली म्हणजेच तयार होतो. ती सोय करणे आणि ती केल्यानंतर रंगमंचावर काय बोलले जावे यात हात न घालणे, ही दोन्ही कर्तव्ये सार्वजनिक संस्थांनी एकाच वेळी पाळावयाची आहेत.